सुतक, गीझर आणि शनिवारचा ॲडव्हान्स

सुतक खरं की खोटं, हे मी विचारत नाही. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे मुक्कामाचं बुकिंग केलेल्यांचा फोन येतो, "काकू, आमच्या भावकीत वारले हो, आता दर्शनाला नाही येता यायचं." आवाज पडलेला असतो. मी अरेरे म्हणते, वय काय होतं, आजारी होते का, असं चार शब्द बोलते. मग दोन्हीकडे जरा गप्प होतं आणि त्यानंतर मूळ मुद्दा येतो: "तेवढा ॲडव्हान्स परत टाकता का? याच नंबरवर जीपे आहे."

आमचं घर नाशिकला, सोमेश्वरच्या अलीकडे, गंगापूर रोडवरून आत वळलं की. मुलं बाहेरगावी स्थिरावली, वरचा मजला रिकामा पडला. हे ओझरहून निवृत्त झाले, मी एका सहकारी बँकेच्या क्लिअरिंग खात्यातून. २०२२ पासून वरच्या दोन खोल्या, हॉल आणि गच्ची आम्ही पाहुण्यांना मुक्कामाला देतो. निम्मी बुकिंगं ॲपवरून येतात, निम्मी ओळखीपाळखीतून थेट फोनवर. आडवारी ३,५००, शनिवारी ५,५००. थेट बुकिंगला निम्मे पैसे आगाऊ.

पाहुणे दोन तऱ्हेचे. देवाला आलेले आणि द्राक्षाला आलेले. देवाला आलेल्यांची यादी ठरलेली असते: पहाटे त्र्यंबक, दुपारी रामकुंड आणि काळाराम, जमलं तर दुसऱ्या दिवशी वणीचा गड. द्राक्षवाले मुंबई-पुण्याची तरुण मंडळी, त्यांना सुला वायनरी, गंगापूर धरणाचं बॅकवॉटर आणि सकाळी झणझणीत मिसळ एवढं पुरतं. पैसे परत मागायची कारणंही दोघांची वेगळी. द्राक्षवाले म्हणतात ऑफिसमधून सुट्टी मिळाली नाही, मित्राचा पाय मोडला, ग्रुपमध्ये भांडण झालं (हे शेवटचं मला नेहमी पटतं). देववाल्यांच्या कारणांना मात्र शास्त्राचा आधार असतो, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं अवघड.

त्र्यंबकला येणाऱ्यांतले नारायण नागबलीवाले माझ्याकडे सहसा येत नाहीत. तो विधी तीन दिवसांचा, ती मंडळी तिथेच गुरुजींच्या व्यवस्थेत उतरतात. माझ्याकडे येतात ते कालसर्प, त्रिपिंडी नाहीतर नुसता अभिषेक करायला आलेले, एका मुक्कामाचे. गुरुजींनी तारीख दिलेली असते, ती धरून माझी तारीख अडवलेली असते. मग भावकीत कोणी तरी जातं आणि सुतक लागतं. किंवा सुनेला बाळ होतं आणि सोयर लागतं, तेव्हा फोनवर आवाज आनंदाचा असतो पण मागणी तीच. किंवा घरातली बाई फोन करते आणि खालच्या आवाजात सांगते, "काकू, अडचण आली." हा फोन कधी नवरा करत नाही, तिलाच करावा लागतो. पाळायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी स्वतः पाळत नाही. पण त्या फोनवर वाद घालायला माझी जीभ रेटत नाही. या बायकांना मी सरळ तारीख बदलून देते. गुरुजीही तेच करतात. पुढची तारीख देतात, घेतलेली दक्षिणा तिकडे वळती करतात, आणि त्यांच्याकडे रिफंड मागायची कोणाची छाती होत नाही.

सुतकाचा पुरावा मागायचा नाही, हे मात्र पहिल्यापासून ठरलेलं. एक तर मागायला तोंड उचलत नाही. आणि मागितला तर लोक देतात. एकाने तर न मागताच तिरडीचा फोटो पाठवला होता, वर "प्लीज कन्सिडर" लिहून. मी मोबाईल उपडा ठेवून दिला आणि कितीतरी वेळ हात लावला नाही. पण खरं कारण याहून कोरडं आहे. पुरावा अस्सल निघाला म्हणून माझा शनिवार भरत नाही, आणि खोटा निघाला म्हणून जास्त रिकामा होत नाही. मी बघते ते एवढंच: ती तारीख मला पुन्हा विकता आली की नाही.

हिशेब असा. एक बोरिवलीचं कुटुंब, शनिवारचं बुकिंग ५,५००, ॲडव्हान्स २,७५०. गुरुवारी रात्री फोन, चुलत सासरे गेले. मी तारीख मोकळी केली, आमच्या घरगुती मुक्कामवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, ओळखीच्या दोन ड्रायव्हरांना कळवलं. शुक्रवारी संध्याकाळी सुरतेची मंडळी मिळाली, पण ऐन वेळचं गिऱ्हाईक भाव पाडणारच, ४,५०० ला तुटलं. म्हणजे माझं नुकसान १,००० रुपयांचं. मी वहीच्या पानावर तीन ओळींत ते मांडलं, पानाचा फोटो पाठवला आणि १,७५० परत केले. त्या गृहस्थांनी आधी अंगठा दाखवला. तासाभराने विचारलं, "तुम्हाला दुसरं गिऱ्हाईक मिळालं ना, मग हजार कशाचे?" मी म्हटलं, तिसरी ओळ वाचा. मग ते काही बोलले नाहीत. पुढे दिवाळीनंतर तेच कुटुंब राहून गेलं. चुलत सासरे खरंच गेले होते.

तारीख चढ्या भावाने गेली तर पूर्ण पैसे परत, पाच मिनिटांत. गेलीच नाही तर ॲडव्हान्स माझा. इथेच शिव्या पडतात. एका बाईंनी मला सांगितलं होतं, "सुतकाचे पैसे खाल्लेले पचत नाहीत हो." मी म्हटलं, "ताई, मी ते खात नाही, लाइटबिल भरते." हे ऐकून आमचे हे दोन दिवस हसत होते, पण मला तेव्हा हसू आलं नव्हतं. रिकामा शनिवार म्हणजे काय हे समोरच्याला कळत नाही. त्याला वाटतं खोली तर रिकामीच राहिली, चादर मळली नाही, गीझर चालला नाही, मग काकूंचं गेलं काय? गेलं ते असं की मंगळवारी आणि बुधवारी मी त्याच शनिवारसाठी तीन जणांना नाही म्हटलेलं असतं.

माझा भाचा इथे जिल्हा न्यायालयात वकिली करतो. एका पाहुण्याने मला "ग्राहक मंचात खेचतो" अशी धमकी दिली तेव्हा मी भाच्याला घरी जेवायला बोलावलं. त्याने पहिल्यांदा सांगितलं की धमकी पोकळ समजू नकोस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत राहण्या-जेवणाची सोय स्पष्ट लिहिलेली आहे. पैसे घेऊन घर देणारी मी सेवा देणारीच ठरू शकते. शिवाय या कायद्याने तक्रारदाराला तो स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पाहुणा सुरतचा असेल तर तारखेला सुरतेला जाणार मी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, अर्ज ऑनलाइन होतो, आणि त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नुसता फोन करूनही प्रकरण सुरू होतं. २,७५० रुपयांसाठी कोण एवढं करेल? एखादा करतो. चिडलेला माणूस रुपये मोजत नाही.

दुसरी गोष्ट सांगितली ती मला जास्त आवडली. लोक पावतीवर ठळक अक्षरात "नो रिफंड" छापतात आणि समजतात विषय संपला. १८७२ चा करार कायदा, कलम ७४. करार मोडला तर दंड म्हणून लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. भाच्याने जेवता जेवता एक खटला सांगितला, कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण, सर्वोच्च न्यायालय, २०१५. दिल्लीत १९८२ साली एक भूखंड लिलावात ३.१२ कोटींना सुटला, घेणाऱ्याने इसार म्हणून ७८ लाख भरले. पुढे उरलेल्या पैशांची मुदत, मुदतवाढ, पत्रव्यवहार असं वर्षानुवर्षं चाललं आणि प्राधिकरणाने ७८ लाख जप्त केले. मग तोच भूखंड त्यांनी पुन्हा लिलावाला काढला आणि तो गेला ११.७८ कोटींना. न्यायालयाने म्हटलं, तुमचं नुकसान झालंच नाही तर इसार जप्त कसला करता, परत द्या. मी भाच्याला अजून एक पोळी वाढली. मी वहीच्या पानावर जे करते तेच की हे! तो म्हणाला, मावशी, सगळ्याच प्रकरणात इतकं सोपं नसतं. वकील असं म्हणतातच.

ॲपवरचा मामला निराळा. तिथे पैसे तिसऱ्याच्या हातात असतात आणि नियमही त्याचे. सगळ्यात जास्त गैरसमज आकड्यांत होतो. पाहुणा भाडं भरतो, त्यावर ॲपचं सेवाशुल्क आणि जीएसटी भरतो. मला मिळतं ते भाडं वजा कमिशन. पाहुण्याच्या मोबाईलवर एक आकडा, माझ्या मोबाईलवर दुसरा, आणि दोघंही आपापल्या परीने खरे. तो म्हणतो तुम्ही माझे इतके घेतले, मी म्हणते मला इतके आलेच नाहीत. बँकेत आयुष्य काढल्यामुळे मी ही बेरीज न चिडता समजावू शकते. बाकीच्यांचं काय होत असेल कोण जाणे.

नियम ॲपच्या मालकाचे असतात याचा सगळ्यात मोठा दाखला २०२० चा. तेव्हा मी यात नव्हते, पण आमच्या ग्रुपवरचे जुने लोक अजून त्यावर बोलतात. कोरोना पसरला तेव्हा एअरबीएनबी या मुक्कामाच्या ॲपने जाहीर केलं की १४ मार्चपर्यंत झालेली, आणि १४ मार्च ते १४ एप्रिलमध्ये मुक्काम सुरू होणारी बुकिंगं पाहुण्यांना पूर्ण परताव्यासह रद्द करता येतील. घरमालकाने स्वतःच्या अटीत काहीही लिहिलेलं असो. पुढे ती मुदत वाढत गेली. जगभर घरमालक खवळले. महिनाअखेरीला कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी विचारात न घेतल्याबद्दल घरमालकांची माफी मागितली आणि २५ कोटी डॉलर बाजूला काढले. त्यातून घरमालकाला त्याच्या रद्द करण्याच्या अटींप्रमाणे जे मिळालं असतं त्याच्या २५ टक्के मिळणार होते. मला विचाराल तर त्या महिन्यात पाहुण्यांचे पैसे परत करणं बरोबरच होतं, कोणी कुठे जाऊच शकत नव्हतं. पण माझ्या अटी माझ्या आहेत या भ्रमात ॲपवर घर टाकू नये, हे तेव्हापासून सगळ्यांना कळलं.

तक्रारीची मुदतही तशीच. एअरबीएनबीच्या नियमात घरमालकाचे पैसे पाहुणा आल्यावर साधारण २४ तासांनी सुटतात, आणि पाहुण्याला अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत ती कळवायची मुभा असते. म्हणजे मधल्या काळात पैसे तुमच्या खात्यात असले तरी तुमचे झाले असं समजायचं नाही. एका ॲपवर (कुठलं ते जाऊ द्या) माझ्याकडून एक जोडपं रविवारी दुपारी हसत निघालं, माझ्याकडून चिवड्याचं पाकीट घेऊन. मंगळवारी तक्रार: बाथरूममध्ये झुरळ. सोबत फोटो. झुरळ छान स्पष्ट आलं होतं, पण ते निळ्या टाइलवर बसलं होतं. आमच्या बाथरूमच्या टाइल्स बदामी आहेत, खालून दुसऱ्या ओळीत पानांची नक्षी आहे, मीच पसंत केलेली. मी चारही भिंतींचे फोटो पाठवले. ॲपकडून उत्तर आलं की दोन्ही बाजू पाहून सद्भावनेपोटी भाड्याचा काही भाग पाहुण्याला परत देण्यात येत आहे. सद्भावना त्यांची, पैसे माझे. तेव्हापासून पाहुणे यायच्या आधी मी वरच्या मजल्याचा व्हिडिओ काढते. टीपॉयवर त्या दिवसाचा पेपर, मग प्रत्येक नळ सोडून, गीझरचा दिवा दाखवून, फ्रिज उघडून, गादी उचलून. आमचे हे म्हणतात जप्तीचा पंचनामा चाललाय. असू दे.

द्राक्षवाल्यांची सगळ्यात अजब मागणी २६ जानेवारीची. जोडून सुट्टी, द्राक्षांचा हंगाम, भाव चढलेला, चार मुलं-मुली मुंबईहून आली. संध्याकाळी वायनरीतून परत आली ती तोंड पाडून. प्रजासत्ताक दिन म्हणजे ड्राय डे, टेस्टिंग बंद. त्यातला एक जिन्यात उभा राहून मला म्हणाला, "आंटी, हे तुम्ही सांगायला हवं होतं." मी म्हटलं, अरे, शाळेत झेंडावंदनाला जात होतास ना? तरी त्याला निम्मं भाडं परत हवं होतं. दिलं नाही. पण आता बुकिंगच्या मेसेजमध्ये २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा लिहिलेल्या असतात. याच मंडळींसाठी ३,००० ची अनामतही आहे, कारण रेड वाइन आणि कापसाची गादी यांचं एकमेकांवर प्रेम आहे. अनामतीतून कापताना मी गादीवाल्याची पावती पाठवते, अंदाजे आकडा कधीच नाही.

आता घराची चूक असेल तेव्हा काय, ते सांगते. कारण तिथे माझा नियम उलटा होतो.

जानेवारीतली पहाट, नाशिकची थंडी कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. वर पुण्याचं कुटुंब, सोबत वर्षाचं बाळ आणि आजी. सहाला फोन, गीझर चालू होत नाही. कॉइल गेली होती. इलेक्ट्रिशियन दहाच्या आधी येईना. मी खाली दोन मोठ्या पातेल्यांत पाणी चढवलं, हे बादल्या घेऊन जिना चढले, गुडघेदुखी असूनही आणि ती दर पायरीला बोलून दाखवत. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, आजींनी तर चुलीवरच्या पाण्याची आठवण काढली. आणि चहा नेऊन देताना, कोणी काही बोलायच्या आत, मी म्हटलं, "आजचे १,००० रुपये मी कमी घेणार." त्या मुलाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तो काही तरी मोठं बोलायच्या तयारीत होता. तो थांबला. "अहो काकू, कशाला," म्हणाला. मी कमी घेतलेच.

आकडा आपण आधी बोलायचा. गप्प बसलं की समोरचा स्वतःचा आकडा काढतो, आणि तो अर्ध्याच्या खाली कधी नसतो. शिवाय बाळाला गार पाण्याने पुसायची वेळ आली असती, तर हजार रुपये हा काही फार मोठा आकडा नव्हता. आमच्या ग्रुपवर काही जण सल्ला देतात, कबूल करायचंच नाही, "तुमच्या वापरामुळे बिघडलं" म्हणायचं. हे लोक मग एक स्टारच्या रिव्ह्यूबद्दल रडतात. मला त्यांची कीव येत नाही.

पावसाळ्यात वेगळाच तमाशा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की गोदेला पूर येतो आणि सगळ्या चॅनलवर रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती दिसायला लागतो. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं, यावरून नाशिककर पूर मोजतात. ४ ऑगस्ट २०१९ ला तर तो पूर्ण बुडाला होता. पण बाहेरच्या माणसाला मारुती बुडाला म्हणजे नाशिक बुडालं असं वाटतं. एका जुलैत ठाण्याहून फोन, "काकू, तुम्ही सुखरूप आहात ना?" मला भरून आलं. पुढचं वाक्य, "मग बुकिंग कॅन्सल धरायचं ना, पूर्ण रिफंड?" आमचं घर उंचावर आहे, अंगणात चिखलसुद्धा नव्हता, उलट गढूळ पाण्यामुळे नळाला पुरवठा कमी होता. करार कायद्यात कलम ५६ आहे, करार पार पाडणंच अशक्य झालं तर तो संपतो. पण खोली उघडी आहे, दिवे लागलेत, रस्ता चालू आहे, आणि पाहुण्याला भीती वाटतेय, याला अशक्य म्हणत नाहीत. तिथे माझा नेहमीचा नियम, तारीख विकली गेली तर पैसे. कसारा घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला असेल तर मात्र मी विकली-न-विकली काही बघत नाही, जे हवं ते, पैसे किंवा दुसरी तारीख. ठाणेकरांना मी गच्चीवरून व्हिडिओ काढून पाठवला. ते आले, आणि त्यांना पूर बघायलाच जायचं होतं! होळकर पुलावरून फोटो काढून आले, आणि मुक्काम एका दिवसाने वाढवून मागितला.

रिफंडच्या नावाने फसवणारेही आहेत, त्यांचं थोडक्यात. साधारण तोच मजकूर: मी सैन्यात आहे, नाशिकला पोस्टिंग झालंय, कुटुंबासाठी आठवडाभर घर हवं. भावात घासाघीस अजिबात नाही, हीच पहिली खूण. मग "ॲडव्हान्स पाठवतो" म्हणून क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन करून पिन टाका म्हणतो. किंवा १५,००० जमा झाल्याचा मेसेज येतो, मागोमाग फोन, "मॅडम, चुकून जास्त गेले, १०,००० रिफंड करा, आई दवाखान्यात आहे." मेसेज बँकेचा नसतोच, कुठल्या तरी मोबाईल नंबरवरून टाइप केलेला असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि जमा झाले की नाही ते मेसेजवर नाही, खात्यात बघायचं. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांना मी हे तीनदा सांगितलंय, आणि १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या फ्रिजवर चिकटवून दिलाय.

आणि आता सिंहस्थ. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. इंदूरच्या एका कुटुंबाने आत्ताच सगळा वरचा मजला मागितला, नऊ माणसं, पाच दिवस, पूर्ण पैसे आजच भरायला तयार. आमचे हे म्हणाले घे, आणि नो रिफंड लिही, कुंभात सगळेच लिहितात.

मला २०१५ आठवतं. २९ ऑगस्टची पहिली पर्वणी, म्हणजे कुंभातलं मोठं स्नान. लाखोंच्या गर्दीची तयारी, कॉलनीत प्रत्येकाने एखादी खोली रंगवून काढलेली. बंदोबस्त इतका कडक की गाड्या शहराबाहेर अडवलेल्या, लोक मैलोन्मैल चालत होते, आणि शहरातले रस्ते ओस. अपेक्षेच्या मानाने माणसं फारच कमी आली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला नियम सैल केले तेव्हा गर्दी फुलली. ज्यांनी पहिल्या पर्वणीसाठी पैसे घेऊन ठेवले होते आणि ज्यांचा पाहुणा नाक्यावरच अडकला, त्यांनी काय करायचं होतं? घर तयार होतं. पाहुणाही निघालेला होता. दोघांच्या मध्ये बॅरिकेड. तारीख विकली गेली का हा माझा प्रश्नच तिथे निकामी होतो, कारण त्या दिवशी ती कोणालाच विकता आली नसती.

भाच्याशी बोलून मी इंदूरवाल्यांना अटी लिहून पाठवल्या. पूर्ण पैसे आत्ता घेणार नाही, फक्त चौथा हिस्सा. उरलेले यायच्या आधी एक महिना. तुम्ही रद्द केलं तर तारखा पुन्हा जशा जातील तसा हिशेब. आणि प्रशासनाने रस्ता बंद केल्यामुळे पोहोचताच आलं नाही, तर झालेलं नुकसान निम्मं तुमचं, निम्मं माझं. ह्यांना हे शेवटचं मुळीच पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, रस्ता मी बंद केला नाही, मग मी का भरू? पण तो इंदूरवाल्यांनीही केलेला नसेल ना. आमचा यावर चहाच्या वेळी वाद चालू आहे, आणि अट मी बदललेली नाही.

इंदूरहून उत्तर आलं ते हिंदीत, एका ओळीचं: मौसीजी, गाडी घर तक आ जाएगी ना? मी लिहिलं, वाहतुकीचा आराखडा जाहीर झाल्यावर सांगते, तोवर ॲडव्हान्स पाठवू नका.